हँडीकॅमची कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना कॉम्प्युटर बंद पडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या मिनी डीव्ही कॅसेट कपाटातून बाहेर निघतात आणि कॅप्चर, म्हणजे कॅसेटवरचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर उतरवणं, सुरू केलं की कॉम्प्युटर मान टाकतो. अशा तक्रारी घेऊन येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं मिनी डीव्ही आणि डिजिटल ८ कॅमेऱ्यांची आहेत. कार्डवर किंवा हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी थेट प्रश्न १४ वर जा.

१. कॅप्चर चालू असताना कॉम्प्युटर बंद पडला. कॅसेटवरचं शूटिंग पुसलं गेलं का?

नाही. कॅप्चर करताना कॅमेरा कॅसेट फक्त वाचतो, तिच्यावर काही लिहीत नाही. कॉम्प्युटर कितीही वेळा कोसळला तरी मूळ शूटिंग जिथल्या तिथे राहतं. कॉम्प्युटर थिजला तरी कॅमेऱ्यातली कॅसेट मात्र फिरतच राहते, त्यामुळे आधी कॅमेऱ्यावरचं स्टॉप दाबा आणि मग कॉम्प्युटरकडे वळा.

धोका वेगळाच आहे. गडबडीत कॅमेरा प्लेऐवजी रेकॉर्डिंगच्या मोडवर गेला आणि लाल बटण दाबलं गेलं, तर तेवढा भाग कायमचा जातो. म्हणून कॅसेटच्या कडेची छोटी सरकपट्टी ‘सेव्ह’कडे सरकवा आणि त्यानंतरच कॅसेट आत घाला. शिवाय तोच भाग पुन्हा पुन्हा मागे-पुढे करू नका, कारण जुनी टेप घासली जाते.

२. दुरुस्ती करणाऱ्याला नेमकं काय सांगू? ‘क्रॅश होतो’ म्हटलं की तो थेट ‘विंडोज नवी टाकू’ म्हणतो.

विंडोज नवी टाकणं हा शेवटचा उपाय आहे. त्यात आधी घेतलेल्या फाइलीही जाण्याची भीती असते. आधी दोन गोष्टी कागदावर टिपा.

पहिली, बंद पडतो म्हणजे काय होतं. पंख्यासकट सगळं एकदम बंद होत असेल, तर वीज किंवा उष्णता हे कारण (प्रश्न ८). निळी स्क्रीन येत असेल तर बहुधा ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र विंडोजला चालवता यावं म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर), क्वचित रॅम (प्रश्न ५). चित्र थिजून माउसही हलेनासा होत असेल तर डिस्क किंवा केबल (प्रश्न ७). फक्त कॅप्चरचं सॉफ्टवेअर मिटून बाकी सगळं ठीक चालत असेल, तर फाइलची मर्यादा किंवा कॅसेटमधली कोरी जागा (प्रश्न ६ आणि ११).

दुसरी, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे कधी बंद पडतो. कॅप्चर सुरू केल्यापासून दर वेळी तेवढ्याच मिनिटांनी थांबत असेल तर फाइलची मर्यादा आड येते आहे. सुरुवात कुठूनही केली तरी कॅसेटच्या त्याच प्रसंगाला, म्हणजे समजा मंगलाष्टकं संपतानाच थांबत असेल, तर दोष कॅसेटच्या त्या जागेत आहे. कधी पाच मिनिटांनी, कधी चाळीस मिनिटांनी असं होत असेल तर उष्णता, वीज किंवा ढिली केबल. ही वेळ टिपली की निम्मं निदान झालं.

३. कॅमेऱ्याला यूएसबीचा पोर्ट आहे. तोच वापरला तर?

बऱ्याच मिनी डीव्ही कॅमेऱ्यांचा यूएसबी पोर्ट कार्डवरचे फोटो काढण्यासाठी दिलेला असतो. काहींमधून व्हिडिओ येतो, पण तो वेबकॅमसारखा बारीक आणि दाबलेला. त्यासाठी लागणारे ड्रायव्हर विंडोज एक्सपीच्या काळातले, आणि ते नव्या विंडोजवर जबरदस्तीने टाकल्यामुळेच निळी स्क्रीन आल्याची उदाहरणं पुष्कळ. कॅसेटवरचा व्हिडिओ जसाच्या तसा हवा असेल तर ‘डीव्ही’ किंवा ‘आयलिंक’ असं लिहिलेला चार पिनांचा छोटा पोर्ट वापरा. आयलिंक हे सोनीचं नाव; बाकी जग त्याला फायरवायर म्हणतं.

४. माझ्या लॅपटॉपला फायरवायर नाही. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर अशी केबल ऑनलाइन स्वस्तात मिळते. घेऊ का?

घेऊ नका. त्या केबलमध्ये नुसत्या तारा असतात. फायरवायर आणि यूएसबी यांची बोलण्याची पद्धतच वेगळी आहे, तारा जोडून ती जुळत नाही. कॉम्प्युटरला कॅमेरा दिसणारच नाही, आणि वीजपुरवठ्याच्या तारा चुकीच्या जागी जोडलेल्या असतील तर कॅमेऱ्याचा पोर्ट जळू शकतो.

डेस्कटॉप असेल तर पीसीआय एक्स्प्रेसचं फायरवायर कार्ड बसवा. कार्डावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असेल तर उत्तम, व्हिडिओवाल्यांचा अनुभव तिच्याबद्दल वर्षानुवर्षं चांगला आहे. लॅपटॉपच हवा असेल तर फायरवायर असलेला जुना लॅपटॉप शोधणं सगळ्यात सोपं. तो मंद असला तरी चालतो, कारण डीव्ही कॅप्चरला ताकद फारशी लागत नाही (हिशेब प्रश्न ६ मध्ये आहे).

५. केबल लावली, कॅमेरा सुरू केला आणि लगेच निळी स्क्रीन आली. विंडोज १० आहे.

आधी स्क्रीनवरचा मजकूर वाचायला मिळाला पाहिजे. सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडा आणि आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढून टाका. पुढच्या वेळी मोबाइलने फोटो घ्या. त्यात नावात १३९४ असलेली फाइल दिसली तर दोष फायरवायरच्या ड्रायव्हरचा, कारण १३९४ हा फायरवायरच्या मानकाचा क्रमांक आहे.

विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टने फायरवायरचा नवा ड्रायव्हर आणला. अनेक जुन्या कार्डांशी आणि कॅमेऱ्यांशी त्याचं जमत नाही. कॅमेरा ओळखला जात नाही, मध्येच सुटतो किंवा सगळा कॉम्प्युटरच खाली बसतो. उपाय म्हणजे ‘लेगसी’, म्हणजे आधीचा जुना, ड्रायव्हर. विंडोज ७ मध्ये तो आतच आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये फायरवायर कंट्रोलरवर राइट क्लिक करा, ड्रायव्हर अपडेट निवडा, ‘माझ्या कॉम्प्युटरवरच्या यादीतून निवडतो’ या वाटेने जा आणि शेवटी कंसात ‘लेगसी’ लिहिलेली ओळ घ्या. विंडोज ८ पासून हा ड्रायव्हर यादीतून काढला गेला, म्हणून ८.१ आणि १० साठी मायक्रोसॉफ्टने दिलेलं वेगळं पॅकेज आधी टाकावं लागतं. नुसतं पॅकेज टाकून काही होत नाही. नंतर डिव्हाइस मॅनेजरमधून तो ड्रायव्हर हाताने निवडायचा असतो. लोक नेमके इथेच अडतात. मोठ्या अपडेटनंतर विंडोज पुन्हा आपला ड्रायव्हर बसवून ठेवते, म्हणून ‘गेल्या महिन्यापर्यंत चालत होतं’ असं असेल तर आधी तिथे बघा.

निळ्या स्क्रीनवर दर वेळी वेगळंच काही लिहून येत असेल तर रॅमवर संशय घ्या. विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक चाचणी रात्री लावून ठेवा.

६. दर वेळी साधारण वीस मिनिटं झाली की सॉफ्टवेअर बंद पडतं. डिस्कवर भरपूर जागा आहे.

डिस्क फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे, जवळजवळ खात्रीनेच. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, मग डिस्कवर कितीही जागा रिकामी असो.

आपल्याकडच्या पाल या व्हिडिओ पद्धतीत डीव्हीची एक फ्रेम बरोबर १,४४,००० बाइट्सची असते आणि सेकंदाला २५ फ्रेम येतात. म्हणजे सेकंदाला ३६ लाख बाइट्स, तासाभराच्या कॅसेटला सुमारे १३ जीबी. या वेगाने ४ जीबी भरायला १९-२० मिनिटं लागतात. काही चांगली सॉफ्टवेअर तिथे नवी फाइल सुरू करतात, काही निरोप देतात, आणि काही चुपचाप मिटतात.

तुमचा आकडा वीसऐवजी साडेनऊ-दहा मिनिटांचा असेल तर आड येते आहे ती जुन्या एव्हीआय फाइलची २ जीबीची मर्यादा. तिथे डिस्कचा दोष नाही, सॉफ्टवेअर बदला.

डिस्क एनटीएफएस या दुसऱ्या फॉरमॅटची करून घ्या, त्यात ही ४ जीबीची अडचण नाही. रिकामी असेल तर फॉरमॅट करून, भरलेली असेल तर विंडोजच्या ‘कन्व्हर्ट’ आज्ञेने. त्यात फाइली जात नाहीत, तरी आधी प्रत काढलेली बरी. डिस्क बदलायची नसेल तर विनडीव्हीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एका फाइलमध्ये किती फ्रेम घ्यायच्या ते ठरवता येतं. २२,५०० लिहिलं की पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पडतात.

७. डिस्क एनटीएफएस आहे, तरी फ्रेम गळतात आणि शेवटी सगळं थिजतं.

सेकंदाला ३.६ एमबी हा वेग आजच्या कुठल्याही धडधाकट डिस्कला किरकोळ आहे. तेवढंही झेपत नसेल तर ‘कॉम्प्युटर कमी पडतो’ म्हणून नवा घेण्याआधी कोण आडवं येतंय ते शोधा.

अँटिव्हायरस पहिला संशयित. फाइल वाढत असताना तो ती परत परत तपासत बसतो, म्हणून कॅप्चरचं फोल्डर तपासणीतून वगळा. दुसरं म्हणजे क्लाउड. हल्ली डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर परस्पर क्लाउडला जोडलेले असतात. तिथे कॅप्चर केलं तर तेरा जीबीची फाइल तयार होता होताच वर चढवायची धडपड सुरू होते. डिस्कच्या मुळाशी, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही फोल्डरच्या आत नाही, असं वेगळं फोल्डर करा. पेन ड्राइव्हवर थेट कॅप्चर करू नका. बाहेरची हार्ड डिस्क हबमधून न लावता थेट लावा.

जुना एक्सपीचा डेस्कटॉप वापरत असाल तर खास त्याचा एक रोग आहे. डिस्कच्या केबलमध्ये सहा वेळा चूक सापडली की एक्सपी त्या डिस्कला डीएमए या वेगवान पद्धतीवरून पीआयओ या संथ पद्धतीवर टाकते आणि परत वर आणत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई चॅनेल काढून टाकून रीस्टार्ट करा, आणि डिस्कची पट्टीसारखी केबल बदला.

हे सगळं करूनही थिजत असेल तर क्रिस्टल डिस्क इन्फोसारख्या साधनाने डिस्कची तब्येत पाहा. खराब सेक्टर दिसले तर त्या डिस्कवर आणखी काही लिहू नका.

८. अर्ध्या-पाऊण तासाने कॉम्प्युटर गपकन बंद होतो. निरोप नाही, काही नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडेल. ती पाहून घाबरू नका. कॉम्प्युटर नीट शटडाउन न होता बंद पडला, एवढंच ती सांगते. कारण सांगत नाही.

कॅबिनेट उघडा. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीचा थर असतो, तो ब्रशने काढा. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून कॅप्चर करू नका, खालची जाळी बंद होते. जुना एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा) हलका भार झेलतो आणि काम वाढलं की हात वर करतो, म्हणून दुसरा लावून पाहा. दिवे मिणमिणणाऱ्या गावात यूपीएस लागतोच, आणि त्याची बॅटरी जिवंत आहे ना तेही बघा. काम हलकं करायचं तर सॉफ्टवेअरमधलं थेट चित्र बंद करा आणि कॅमेऱ्याच्याच स्क्रीनवर पाहा. कॅप्चर होतानाच रूपांतर होत असेल तर प्रश्न ९ वाचा.

९. तेरा जीबी फार होतात. कॅप्चर करतानाच एमपी४ केलं तर काय बिघडलं?

दोन गोष्टी बिघडतात. एक, तासभर प्रोसेसर पूर्ण ताकदीने पळत राहतो आणि प्रश्न ८ मधला प्रकार ओढवतो. एक्सपीतला मूव्ही मेकर तर कुणी न सांगताच डब्ल्यूएमव्हीमध्ये दाबायला लागतो. तिथे ‘डीव्ही-एव्हीआय’ हाताने निवडावं लागतं.

दुसरी गोष्ट मोठी आहे. साध्या एमपी४ फाइलमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची सूची अगदी शेवटी लिहिली जाते. पंचावन्नाव्या मिनिटाला कॉम्प्युटर गेला तर सूची लिहिलीच जात नाही आणि पंचावन्न मिनिटांचा व्हिडिओ उघडत नाही. डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वयंपूर्ण असते, त्यामुळे जिथवर लिहिलं गेलं तिथवर हाती राहतं. आधी डीव्हीत घ्या, प्रत काढा, मग निवांत एमपी४ करा.

१०. क्रॅशनंतर १० जीबीची एव्हीआय फाइल उरली आहे, पण कुठल्याच प्लेअरमध्ये उघडत नाही.

ती पुसू नका, तिचं नावही बदलू नका. आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा. नंतर व्हीएलसीमध्ये उघडून पाहा. सूची तुटल्याचं सांगून ती दुरुस्त करू का, असं तो विचारतो. जमलं नाही तर व्हर्च्युअलडब हे सॉफ्टवेअर सूची नव्याने बांधू शकतो. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने चित्र-आवाज न दाबता नव्या फाइलमध्ये उतरवून घेणं हा तिसरा मार्ग. अर्थात कॅसेट धड असेल तर पुन्हा कॅप्चर करणंच कमी त्रासाचं. ही खटपट कॅसेट तुटली किंवा हरवली असेल तेव्हा करायची.

११. कॅसेटच्या एका ठराविक जागी सॉफ्टवेअर मिटतंच. पुढचं मागचं सगळं नीट येतं.

लग्नाच्या कॅसेटमध्ये हे फार होतं. शूटिंगवाल्याने मध्येच कॅसेट मागे घेऊन वऱ्हाडाला दाखवली, नंतर थोडी पुढे जाऊन रेकॉर्डिंग सुरू केलं. मधे काही सेकंदांची कोरी टेप राहिली. कोऱ्या जागेनंतर कॅमेऱ्याचा टाइमकोड (प्रत्येक फ्रेमसोबत टेपवर नोंदली जाणारी वेळ) पुन्हा शून्यापासून सुरू होतो. ‘चाळीसाव्या मिनिटानंतर एकदम शून्य’ पाहून सॉफ्टवेअर गोंधळतं. प्रसंग ओळखून तुकडे पाडण्याची सोय बंद करा, कॅमेऱ्यावरचं नियंत्रण सॉफ्टवेअरकडून काढून घ्या आणि प्लेचं बटण हाताने दाबा. तरी अडलं तर कोऱ्या जागेच्या पुढून दुसरी फाइल सुरू करा.

टाइमकोड अखंड असूनही अडत असेल तर आवाज तपासा. मिनी डीव्हीत आवाज १६ बिट ४८ किलोहर्ट्झ किंवा १२ बिट ३२ किलोहर्ट्झ असा दोन प्रकारे नोंदवता येतो. दोन कॅमेरेवाल्यांनी एकच कॅसेट वापरली, किंवा कुणी मध्येच सेटिंग बदललं, की काही सॉफ्टवेअर त्या सांध्यावर कोसळतात. काही कोसळत नाहीत, पण पुढचा आवाज ओठांशी जुळत नाही, ते जास्त वाईट कारण उशिरा कळतं. इथेही सांध्यापाशी फाइल तोडणं हाच उपाय.

१२. चित्रात चौकोन चौकोन दिसतात, मग कॅप्चर थांबतं. कॅसेटवर पांढरट डाग आहेत.

डाग असतील तर कॅसेट कॅमेऱ्यात घालूच नका. ती बुरशी आहे. कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या कॅसेटला लागतेच. ती कॅमेऱ्याच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) चिकटते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्या.

डाग नसतील तर कोरडी हेड क्लीनिंग कॅसेट लावा, पाकिटावर लिहिली असतील तेवढीच सेकंद. एलपी मोडमध्ये, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद मिनिटं कोंबून केलेलं शूटिंग असेल, तर ज्या कॅमेऱ्यावर केलं तोच कॅमेरा शोधा. दुसऱ्यावर ते बहुधा नीट वाजत नाही.

१३. कॅमेरा जोडताना ठिणगी उडाली. आता पोर्ट चालत नाही.

कॉम्प्युटरकडचा सहा पिनांचा फायरवायर पोर्ट वीजही देतो. त्याचा प्लग एका बाजूने निमुळता असतो, पण पोर्ट ढिला झाला असेल तर जोर लावल्यावर उलटाही बसतो. तसा बसला की वीज थेट माहितीच्या तारांवर जाते आणि कॅमेऱ्याची चिप उडते. पोर्ट कॅबिनेटच्या मागे असतो आणि आपण अंधारात चाचपडत लावतो, तिथेच घात होतो. टॉर्च घ्या.

प्लग सरळ असूनही झटका बसत असेल तर घराचं अर्थिंग तपासून घ्या. तिसरी पिन कापलेला किंवा टू-पिन कन्व्हर्टरवर चाललेला डेस्कटॉप असेल तर त्याच्या पत्र्यालाही सौम्य करंट लागतो. दोन्ही यंत्रं बंद ठेवून केबल लावा, आधी कॉम्प्युटर आणि मग कॅमेरा सुरू करा. कॅमेरा बॅटरीवर न ठेवता त्याच्या अॅडॉप्टरवर लावा, नाहीतर बॅटरी संपून कॅमेरा मध्येच सुटला की काही सॉफ्टवेअर थिजतात.

१४. माझा कॅमेरा कॅसेटचा नाही, कार्डवर रेकॉर्ड करतो. फाइली कॉपी करतानाच विंडोज अडकते.

हा बहुधा एव्हीसीएचडी प्रकार आहे, सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये आणलेला. इथे कॅप्चर नसतं, साधी कॉपी असते. फोल्डर उघडताच विंडोज प्रत्येक क्लिपचं छोटं चित्र तयार करायला लागते आणि जुना कॉम्प्युटर त्यातच गुदमरतो. फोल्डरचा व्ह्यू ‘डिटेल्स’ करा. कॅमेऱ्यावरूनच क्लिप वाजवून पाहू नका; आधी सगळी कॉपी, मग पाहणं.

‘प्रायव्हेट’ नावाच्या फोल्डरसकट पूर्ण कार्ड जसंच्या तसं उतरवा, नुसत्या एमटीएस (व्हिडिओच्या) फाइली वेचू नका. लांब शूटिंग २ किंवा ४ जीबीच्या तुकड्यांत पडलेलं असतं. ते जोडायला कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरला इतर फाइलीही लागतात. आणि ‘डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ असा निरोप आला तर कॅन्सलच दाबा, कार्ड रीडर बदलून पाहा.

१५. मॅकवर आधी चालत होतं, नव्या अपडेटनंतर कॅमेरा दिसतच नाही.

मॅक ओएस २६, म्हणजे टाहो, टाकलं असेल तर शोधत बसू नका. त्यात अॅपलने फायरवायरची सोय काढून टाकली आहे. आधीच्या आवृत्तीवर असलेल्या मॅकला थंडरबोल्टचे अॅडॉप्टर एकापुढे एक लावून कॅमेरा जोडता येतो. कॅसेट शिल्लक असतील तर त्या मॅकला तूर्त अपडेट करू नका. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून डीव्हीग्रॅब हे कॅप्चरचं सॉफ्टवेअर वापरणं हाही चांगला पर्याय आहे. तो फाइलचे तुकडे आपणहून पाडतो.

१६. अमेरिकेतल्या मावशीने नातवाच्या बारशाची मिनी डीव्ही कॅसेट पाठवली. आमच्या कॅमेऱ्यात घातली की निळा पडदा येतो आणि सॉफ्टवेअर अडकतं. कॅसेट खराब निघाली का?

कॅसेट बहुधा चांगली आहे. तिकडची पद्धत एनटीएससी, सेकंदाला २९.९७ फ्रेम आणि ४८० ओळी. आपली पाल, २५ फ्रेम आणि ५७६ ओळी. कॅसेट बाहेरून सारखीच दिसते, पण इथे विकलेले बहुतेक घरगुती कॅमेरे ती वाजवत नाहीत. तिकडचा कॅमेरा मिळाला तर फायरवायरने कॅप्चर नेहमीसारखंच होतं. सॉफ्टवेअरमध्ये एनटीएससी निवडलेलं असू द्या, नाहीतर काही सॉफ्टवेअर पहिल्याच फ्रेमला मिटतात. मावशीकडे तो कॅमेरा अजून असेल तर तिकडेच कॅप्चर करून फाइल मागवणं सोयीचं.

१७. हाय ८ ची कॅसेट आहे. यूएसबीच्या छोट्या कॅप्चर डबीने घ्यायला गेलो की निळी स्क्रीन येते.

एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या डब्यांत आत वेगवेगळ्या चिप असतात आणि सोबतच्या सीडीतला ड्रायव्हर भलत्याच चिपचा निघतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी पाहून त्याच चिपचा ड्रायव्हर शोधा. आधीचा मात्र पूर्ण काढून टाका. सॉफ्टवेअर विचारत असेल तर फाइल एमकेव्हीमध्ये घ्या, ती अर्धवट राहिली तरी वाजते.

त्याहून बरा मार्ग म्हणजे डिजिटल ८ कॅमेरा. त्याचे काही मॉडेल जुन्या हाय ८ कॅसेट वाजवून थेट फायरवायरवर डीव्ही देतात, आणि मग ही डबी लागतच नाही. सगळे मॉडेल हे करत नाहीत, म्हणून विकत घेण्याआधी आपली एक कॅसेट घालून पाहा.

१८. कंटाळलो. दुकानात देऊन टाकतो. काय विचारू?

फायरवायरने घेता की पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांनी, हे पहिलं विचारा. मिनी डीव्हीसाठी तारांनी घेणाऱ्याला देऊ नका. एमपी४ सोबत मूळ डीव्ही फाइलही मागा. तासाला १३ जीबी या हिशेबाने स्वतःची रिकामी हार्ड डिस्क, एनटीएफएस करून, घेऊन जा. कॅसेटवर आकडे घाला आणि परत घेताना मोजून घ्या.